न केलेल्या चोरीची सुधारणा

"मॅडम, यात खोटं बोलणाऱ्या किती असतील?"

किरणनं हे मला शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून विचारलं. समोरच्या अंगणातून बत्तीस मुलींची रांग हॉलकडे चालली होती. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरे स्कार्फ, पायांत रबरी चपला. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तोही.

"मला कसं कळणार?" मी म्हणाले.

"अंदाजे सांगा. बेसलाइनला लागतं."

बेसलाइन म्हणजे काम सुरू करण्याआधीची नोंद. किरणकडे त्यासाठी छापील फॉर्म होता. प्रत्येक मुलीच्या नावापुढे पाच रकाने: इंटिग्रिटी, एम्पथी, रिस्पेक्ट असे. प्रत्येक रकान्यात एक ते पाच मार्क. नाटकाच्या वर्कशॉपनंतर तोच फॉर्म पुन्हा भरायचा. दोन्हींतला फरक म्हणजे मुलींचं वाढलेलं चारित्र्य.

"सुरुवातीला कमी द्या हं, मॅडम," तो म्हणाला. "नाहीतर ग्रोथ कुठून दाखवणार?"

आमचं बोलणं कानडीत चालायचं. इथं मराठीत सांगते आहे. मूर्खपणा दोन्ही भाषांत सारखाच वाटतो.

मी बेळगावच्या शहापूरची. आमच्या घरी साड्यांचे पॉवरलूम होते. त्या खडखडाटात आईला हाक मारायची तर पोटातून आवाज काढावा लागायचा. पुढं नाटकात गेल्यावर कळलं, यालाच प्रोजेक्शन म्हणतात, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं. शाळेत नोकरी केली आणि मुलांची नाटकं बसवत राहिले. रिटायर झाल्यावर वर्कशॉप घ्यायला लागले. बेंगळुरूच्या एका संस्थेनं मला बोलावलं. त्यांचा प्रोजेक्ट होता 'नाटकातून चारित्र्यशिक्षण'. एका कंपनीचा निधी होता. किरण त्याचा मॅनेजर, वय असेल अठ्ठावीस. चारित्र्य मोजायचं माप बेंगळुरूत तयार मिळतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मला मिळालेली शाळा म्हणजे निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे, हायवेपासून आत असलेला मुलींचा निवासी मदरसा. पहाटे नमाज आणि कुराणाचं पठण, दिवसभर सरकारी अभ्यासक्रम, दहावीला एसएसएलसीची परीक्षा. मुली आजूबाजूच्या खेड्यांतल्या. काही चेकनाक्यापलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागल भागातल्या.

मुख्याध्यापिका होत्या जैनब आपा. निपाणीत विड्या वळणाऱ्या घरातल्या, शिकून एमए, बीएड झालेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला अटी सांगितल्या.

"वाद्यं न्हाईत. बघाय पुरुष माणूस न्हाई. कुठल्या नबीचं, बुजुर्गाचं सोंग घ्यायचं न्हाई. आन पोरींच्या तोंडाचा फोटो काढायचा न्हाई."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हात बांधून विहिरीत पोहायला सांगताहेत. आपांना ते दिसलं असावं.

"मॅडम, तुमी चारित्र्य शिकवाय आलाय म्हणं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं त्याला तरबियत म्हणत्यात. आमच्या पोरी जेवल्यावर आपलं ताट धुवत न्हाईत. शेजारणीचं धुत्यात. त्यातनं जेवढी यील तेवढी. तुमच्या नाटकानं त्यात भर पडली तर बरंच हाय."

त्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये श्वासाचे व्यायाम घ्यायला उभी राहिले. खेड्यातल्या बुजऱ्या मुली, डोक्यावर स्कार्फ, यांचा आवाज घशातच अडकणार, असं मी गृहीत धरलं होतं. म्हटलं, एका श्वासात जेवढं लांब म्हणता येईल तेवढं म्हणा. मी स्वतः करून दाखवलं आणि मला माझंच कौतुक वाटलं.

मग नववीची एक उंच, सावळी मुलगी उठली. तिनं डोळे मिटले आणि पाठ असलेला कुराणातला एक भाग म्हटला. एक श्वास. न तुटणारा, न थरथरणारा. भिंतीवर आपटून परत येणारा. माझ्यापेक्षा निदान दुप्पट लांब. या मुली लहानपणापासून तजवीद शिकतात, म्हणजे कुठं थांबायचं, कुठला उच्चार किती लांबवायचा, श्वास कुठं घ्यायचा याचं शास्त्र. मी तीन दिवस शिकवणार होते ते त्यांना सातव्या वर्षीच येत होतं.

त्या मुलीचं नाव शाहीन.

मी माझी वही मिटली आणि थेट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे संवाद पाठ न करता, जागेवर उभं राहून सुचेल तसं करायचं. मी विषय दिला: होस्टेलमध्ये एकीचा बिस्किटांचा डबा हरवलाय.

बाकीच्या मुलींनी चोर म्हणजे मान खाली घातलेली, कोपऱ्यात रडणारी अशी केली. शाहीननं तसं केलं नाही. तिनं डबा ओढणीखाली काखेत दाबला आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला लागली, "कोण गं ती बेशरम? अल्लाला काय तोंड दाखवणार?" तिनं एकेकीची पेटी उघडायला लावली. एकीला सुनावलं, "तुजं तोंड बघूनच कळतंय." मग मधोमध उभी राहून प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं, आणि भाषण रंगात आल्यावर तिचा हात नकळत ओढणीखाली जाऊन एक बिस्किट तोंडात आलं. मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. दारात उभ्या असलेल्या आपांनी पदर तोंडाला लावला.

इतक्या वर्षांत असं निरीक्षण मी फार थोड्या मुलांत पाहिलंय. प्रामाणिकपणावर सगळ्यांत मोठ्यानं कोण बोलतं, हे त्या पोरीनं चौदाव्या वर्षी ओळखलं होतं.

संध्याकाळी किरणचा फोन आला. मी उत्साहात सगळं सांगितलं.

"चोर कोण झाली? नाव?" त्यानं विचारलं.

"शाहीन. नववी. काय काम केलं पोरीनं!"

"म्हणजे रिअल लाइफमध्ये पण थोडी सवय असेल ना?"

"अरे, अॅक्टिंग आहे ती."

"राइट, राइट," तो म्हणाला. त्याच्या आवाजातच ते कळायला हवं होतं. त्यानं ऐकलं होतं, पण त्याला हवं तेवढंच.

आठ दिवसांनी मला मेलवर एक पान आलं. त्याला केस स्टडी म्हणतात. एका माणसाची खरी गोष्ट सांगून सगळ्या प्रोजेक्टचा फायदा दाखवायचा. पानावर लिहिलं होतं: 'एस., इयत्ता नववी, गरीब कुटुंबातील. होस्टेलमध्ये मैत्रिणींच्या वस्तू चोरत असे. नाटकात चोराची भूमिका करताना तिला स्वतःची चूक उमगली. तिनं सर्वांसमोर माफी मागितली. आज एस. बदलली आहे.' खाली एक जागा रिकामी होती. व्हेरिफाइड बाय ट्रेनर.

मी वाचलं. पूर्ण वाचलं. हे खोटं आहे हे मला कळलं. मी किरणला फोन केला.

"पूर्ण नाव कुठं आहे, मॅडम? नुसता एस. आहे," तो म्हणाला. "कंपनीच्या फाइलमध्ये जाणार. कोण वाचतंय? आणि पुढच्या वर्षी सहा शाळा आहेत. तुमचंच नाव मी पुढं केलंय."

मी सही केली. बेसलाइनच्या फॉर्मवर तर आधीच केली होती, सगळ्यांना सगळीकडे दोन-दोन मार्क टाकून. किरणवर मी आजवर बरंच तोंडसुख घेतलंय, पण एक सांगायला हवं. खोटं बोलणाऱ्या मुली मोजायला तो आला होता. मोजायचंच होतं तर माझ्यापासून सुरुवात करायला हरकत नव्हती.

त्या डब्याच्या चोरीवरच नाटक बसवलं आणि प्रयोगाचा दिवस उजाडला. जेवणाच्या हॉलमध्ये बाकं जोडून स्टेज केलं होतं. प्रेक्षक म्हणजे मुलींच्या आया, मावश्या, आज्या. कंपनीच्या एक पाहुण्या बेंगळुरूहून यायच्या होत्या. मी पोचले तर व्हरांड्यात गर्दी. किरणनं माणसाएवढ्या उंचीची स्टँडी उभी केली होती, म्हणजे गुंडाळून आणता येतो तसा उभा बोर्ड. त्यावर तेच पान, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि कानडीत. वर फोटो. काखेत डबा दाबलेली एक उंच मुलगी, पाठमोरी. फोटो त्याच्या असिस्टंटनं तालमीत काढला होता. चेहरा दिसत नव्हता. आपांची अट पाळली होती. किरण नियम पाळणारा माणूस.

जैनब आपा चष्मा लावून कानडी मजकूर ओळ न् ओळ वाचत होत्या.

"ही शाहीन न्हवं?" त्यांनी त्याला विचारलं.

"पॉझिटिव्ह स्टोरी आहे, आपा. ती सुधारली असंच लिहिलंय."

"चोरी कवा केली तिनं?"

"ते... एक्झॅम्पल आहे."

"चोरी केलीच न्हाई, तर सुधारली कशी?"

किरणनं फाइल उघडली. "ट्रेनरनी व्हेरिफाय केलंय. ही बघा सही."

आपांनी सही बघितली. मग माझ्याकडं बघितलं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पायरीवर शाहीनची आई बसली होती. दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, जाणारी बाई, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला इतर आया होत्याच.

"मी आलतो पोरीचं नाटक बघाय," ती मला म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'आलतो'च म्हणतात. "आन हितं बायका मला इचारत्यात, सुधारली न्हवं आता तुमची पोरगी? काय केलतं वं तिनं? मला तर कुणी सांगिटलं न्हाई."

मी म्हणाले, "तिनं काही केलं नाही."

"मग त्यावर लिवलंय ते कुणी?"

ती उठली आणि खोल्यांकडं बघून हाक मारली, "शाहीन! पेटी भर गं. घरला जाऊया. बास झाली शाळा."

मी तिच्या पुढं धावले. शाहीन खोलीत आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. होस्टेलमध्ये बातमी भिंतीतूनसुद्धा जाते.

"शाहीन, तुझं काम मी दुसरीला देते," मी म्हणाले. "तू नको करू आज."

"तसं केलं तर सगळ्यास्नी खरंच वाटंल की, टीचर."

"मग काय करायचं?"

"तुमी पयल्या दिवशी म्हणालता, स्टेजवर केलेलं खोटं नसतंय. कारण करणाराला ठावं असतंय आन बघणाराला बी. मग भाईर लावलंय ते काय हाय?"

"ते खोटं आहे."

"ते मला नगा सांगू. मला ठावं हाय. माज्या आईला सांगा. सगळ्यांम्होरं. मग मी काम करतो."

रडली नाही. रागावलीही नाही. अट घातली, तिच्या आपांसारखी.

मी बाहेर आले. किरण व्हरांड्याच्या टोकाला फोनवर होता. पाहुण्यांची गाडी नाक्यापर्यंत आली होती. "मॅडम, आज काही बोलू नका," तो म्हणाला. "प्रोग्रॅम होऊ दे. मी स्टँडी नंतर काढतो. सहा शाळांचा विचार करा." मी केला विचार. खोटं कशाला सांगू, चांगला दोन-तीन मिनिटं केला. आजारी पडल्याचं सांगून बेळगावची बस पकडता येईल का, इथपर्यंत केला. मग हॉलमधून मुलींचा आवाज आला. त्या माझ्याशिवायच श्वासाचे व्यायाम करत होत्या.

पाहुण्या आल्या. नीटनेटक्या, हसतमुख बाई. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची दिली. शेजारी किरणची असिस्टंट, त्यांना इंग्रजीत सांगायला. किरणला आत यायची परवानगी नव्हती. तो फाटकापाशी. शाहीनच्या आईला आपांनी हाताला धरून आत आणून बसवलं होतं. पिशवी अजून मांडीवरच.

मी स्टेजवर गेले. शेकडो प्रयोगांत मी स्टेजवर उभी राहिलेय, पण भीती त्याच दिवशी वाटली.

"बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हणाले. "शाहीननं कुणाचं काही चोरलेलं नाही. तिनं चोराचं काम केलं. इतकं चांगलं केलं की मी फोनवर कौतुक केलं. त्याची कुणीतरी गोष्ट केली आणि मला पाठवली. मी ती वाचली. खोटी आहे हे कळलं. तरी मी सही केली, कारण मला पुढचं काम हवं होतं."

हॉल गार झाला. आणि त्या शांततेत मला पहिल्या रांगेतलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. असिस्टंट पाहुण्यांच्या कानाशी म्हणत होती, "शी इज सेइंग, ड्रामा हॅज टॉट हर ऑल्सो टू बी ऑनेस्ट."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये एकट्यांनी.

माझी भीती तिथंच गेली. तिच्या जागी जे आलं त्याला संताप म्हणतात. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं आहे, पण तेवढ्याला पुरलं. "नो, मॅडम," मी म्हणाले. "आय सेड, दॅट स्टोरी इज फॉल्स. द गर्ल डिड नॉट स्टील. आय साइन्ड अ लाय."

पाहुण्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी असिस्टंटकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वी कॅन टेक धिस ऑफलाइन," त्या म्हणाल्या. म्हणजे, हे नंतर, कुणी नसताना बोलू. ते नंतर अजून आलेलं नाही.

मागून शाहीनच्या आईचा आवाज आला. "ते समदं खरं, बाई. पर त्यो बोर्ड अजून भाईर उभाच हाय की."

मला सुचलं नव्हतं ते तिला सुचलं. जैनब आपा उठल्या, बाहेर गेल्या. बोर्ड खाली ओढल्याचा खर्रकन आवाज झाला. किरण फाटकातून काहीतरी म्हणाला. त्या गुंडाळी काखेत मारून आत आल्या, ती स्टेजच्या बाकाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "करा सुरू."

संस्थेनं शेवटचा प्रवेश लिहून पाठवला होता. चोर रडते, पाया पडते, पुन्हा चोरी करणार नाही म्हणते. मुलींनी तो केलाच नाही. मला विचारलंही नाही. शाहीननं पहिल्या दिवशीचं काम केलं, त्याहून वरचढ. काखेत डबा, तोंडात उपदेश. भाषणात तिनं आयत्या वेळी एक वाक्य घातलं: "मी तुमची चोरी मोजून लिवून घेतो, मग तुमी सुधारला म्हणून बी मीच लिवतो." आया आधी चपापल्या, मग हसल्या ते थांबेनात. तिची आई सगळ्यांत उशिरा हसली. हसताना तिनं पिशवी खाली ठेवली.

पेटी भरली गेली नाही. शाहीन त्याच शाळेतून एसएसएलसी पास झाली आणि आता निपाणीत कॉलेजला जाते. नाटकात जाणार का, असं मी विचारलं तर म्हणाली, "न्हाई, वकिली करणार हाय." योग्य ठिकाणी चाललीय.

सहा शाळा मला मिळाल्या नाहीत. किरणनं मला निरोपाचा फोनही केला नाही. पुढं संस्थेचा रिपोर्ट पाहण्यात आला. गोष्ट तीच होती, शब्द न् शब्द. फक्त एस.ची आर. झाली होती आणि शाळा दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. व्हेरिफाइड बाय म्हणून दुसऱ्याच कुणाची तरी सही. मी संस्थेला मेल लिहिला. उत्तर आलं, 'आपल्या फीडबॅकबद्दल आभारी आहोत.' कंपनीला लिहिलं. तिकडून तेही आलं नाही. त्यांच्या हिशेबानं त्या भागातलं चारित्र्य वाढलेलंच आहे.

मदरशात मी अजून जाते. दर गुरुवारी, आपांनी बोलावलं म्हणून, कुठल्याही प्रोजेक्टशिवाय. आपांच्या आधीच्या चार अटी आहेत तशाच आहेत. पाचवी नवीन घातलीय: मुलींबद्दल काहीही लिहायचं झालं तर आधी त्या मुलीला वाचून दाखवायचं.

नवीन ट्रेनर मला विचारतात, अशा संस्थांबरोबर काम करताना काय काळजी घ्यावी. न वाचता कशावरही सही करू नये, असं सगळे सांगतात. मी तसं सांगत नाही. मी वाचून केली होती.